नऊ खोल्यांपुरती बरोबर

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रोग्रामरबाईंनी मेलेल्या बाईच्या कार्डाचा नंबर टाइप केला आणि स्क्रीनवर आलेली नोंद दुसऱ्यांदा वाचली. नोंदीत वावगं काही नव्हतं. कार्ड चालू. काम सफाई. परवानगीच्या रकान्यात दोन खोल्यांचे आकडे, मध्ये स्वल्पविराम. १२,१४. बस.

ती बाई मेली होती दोन नंबरच्या खोलीत.

फळांच्या त्या शीतगृहात संगणकाची खोली म्हणजे मोठ्या जिन्याखालची जागा. उंच माणूस आत शिरला की कपाळमोक्ष ठरलेला. प्रोग्रामरबाई उंच नव्हत्या, त्यामुळे सतरा वर्षं तिथं निभावलं. वय चौपन्न. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि अंगात बाराही महिने स्वेटर, कारण भिंतीपलीकडे पॅकिंगचा थंडगार हॉल. आल्या तेव्हा टायपिस्ट म्हणून आल्या होत्या. मालकांनी एक संगणक आणून टेबलावर ठेवला, तो कुणाला येईना, तेव्हा यांनी पुस्तकं आणून आणून शिकून घेतला. दारांची कार्डव्यवस्था त्यांनी एकटीनं लिहिली. बाहेरच्या कंपनीनं तिप्पट दर सांगितला होता, असं मालक पाहुण्यांना अजून सांगतात.

दारं सोळा. एक ते नऊ जुन्या बाजूला. तिथं सफरचंदं आणि नासपती महिनोन्महिने टिकवतात, आणि त्यासाठी खोली घट्ट बंद करून आतला प्राणवायू जवळजवळ सगळा काढून घेतात. फळ झोपी जातं. माणूस दोन-तीन श्वासांत पडतो, त्याला आपण पडतोय हेही कळत नाही. अशा खोलीत फक्त यंत्रवाले जातात, पाठीवर हवेची टाकी आणि तोंडाला मुखवटा लावून. दहा ते सोळा ही नवी बाजू. तिथं नुसती थंडी, हवा तुमच्या-आमच्या घरातल्यासारखीच. प्रत्येक दाराशी कार्ड टेकवायची चकती, चकतीवर दिवा. कार्डाला परवानगी असली की हिरवा होतो आणि कडी सुटते. नसली की लाल.

जुन्या बाजूच्या प्रत्येक दारावर पिवळी पाटी आहे, कवटी काढलेली. पण ती खोली रिकामी असते तेव्हाही असते आणि भरलेली असते तेव्हाही. वर्षभर जे तिथंच असतं ते कुणी वाचत नाही. म्हणून नवीन माणूस कामाला लागला की मॅनेजर त्याला दारापुढे उभं करून सांगत, "पाटी वाचत बसायचं नाही. डोकं चालवायचं नाही. दिवा बघायचा. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे चल."

सफाईवालीला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा पूर्वी इथल्याच लॉरीवर होता, त्याच्यावरून पडलेलं नाव. बोलायला चटकदार. दिवा हिरवा झाला की म्हणायची, "चला, बोलावणं आलं." चार दिवसांपूर्वी दुपारच्या पाळीत जुन्या बाजूच्या बोळात, दोन नंबरच्या दाराखाली, तिला पाण्याचं थारोळं दिसलं. पाणी खरं तर बाहेरच्याच नळीचं होतं, पण दाराखालून आल्यासारखं दिसत होतं. तिनं बादली खाली ठेवली, कार्ड टेकवलं. दिवा हिरवा झाला. रखवालदाराला बादली दिसली, मग अर्धवट उघडं दार दिसलं, मग उंबऱ्याच्या आत तिचे पाय दिसले. तो ओढायला आत धावणार होता. यंत्रवाल्यानं त्याला मागून कमरेला मिठी मारून धरलं, म्हणून मेलेली माणसं दोन झाली नाहीत.

दाराच्या नोंदीत तिचं कार्ड, वेळ आणि एक शब्द होता: मंजूर.

त्या एका शब्दावरून मॅनेजरांनी हिशेब लावला, आणि हिशेब चोख होता. यंत्रानं कार्ड मंजूर केलं, म्हणजे त्या वेळी कार्डावर दोनची परवानगी असली पाहिजे. आज कार्डावर दोन नाही. म्हणजे कुणीतरी आधी चुकून दोन टाकला, आणि वहिनी मेल्यावर घाबरून काढला. कार्डांवर आकडे टाकणारा माणूस अख्ख्या शीतगृहात एकच. त्याला सगळे कार्डवाले म्हणत. प्रोग्रामरबाईंच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे ते यजमान. नोकरीही बाईंनीच लावून दिलेली, ते शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर.

चूक वेगळी आणि चूक लपवणं वेगळं. पोलीस चौकीतल्या अंमलदारानं तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवशी बारा वाजेपर्यंत कार्डवाल्यांनी लेखी जबाब द्यायचा होता, आणि साडेनऊपर्यंत प्रोग्रामरबाईंनी एका ओळीचं पत्र: दारांच्या व्यवस्थेत कोणताही दोष नाही.

पत्र लिहायला त्या सहा वाजताच आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी बहिणीकडे जे झालं, त्यानं झोप लागली नव्हती.

बहीण बाईंच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहते. बाई वर गेल्या तेव्हा ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत होती आणि भावजी खुर्चीत नुसते बसले होते, चष्मा हातात.

"ये बेबी," बहीण म्हणाली. चौपन्नाव्या वर्षीही त्या घरात बेबीच होत्या. "तू तरी सांग यांना. सकाळपासून एकच धोशा लावलाय."

"मीच टाकला असेन गं दोन," भावजी म्हणाले. "परवा दूध उतू गेलं ना, मी गॅसपाशीच उभा होतो. समोर उतू गेलं, नि मी बघतोय."

"दूध उतू गेलं म्हणून माणूस मेलं होय? काहीच्या बाही!"

"तसं नाही म्हणत. डोकं जागेवर नसतं हल्ली, एवढंच म्हणतोय."

"ते लग्न झालं तेव्हापासून नाहीये. तेव्हा कुणी मेलं नाही."

बाईंनी स्टूल ओढलं. "भावजी, नीट आठवून सांगा. त्या कार्डावर तुम्ही कधी दोन टाकला होता?"

"नाही. म्हणजे, नसावा."

"आणि नंतर काढला?"

"काढायला आधी टाकायला नको?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मेहुणीकडे पाहिलं. "तिसऱ्यांदा विचारतेयस तू. त्या दिवशी विचारलंस, काल विचारलंस."

"चौकशी अधिकारी आल्यात आमच्या," बहीण म्हणाली. "चहा घे नि गप बस."

चहा झाला. निघताना भावजी जिन्यापर्यंत आले, म्हणाले, "साहेब म्हणतात नजरचूक लिहा, म्हणजे मामला हलका होईल. तुझं यंत्र तर चुकत नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या होत्या.

आता जिन्याखाली बसून त्या ते "नाही" कागदावर उतरवायच्या बेतात होत्या. पण सतरा वर्षांची सवय अशी की लिहून द्यायच्या आधी तपासायचं. त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. हे कार्ड घे, एक ते सोळा सगळ्या दारांना लाव, कुठलं उघडतं ते सांग. उत्तरं दोनच अपेक्षित होती, बारा आणि चौदा.

स्क्रीनवर पाच आकडे आले. एक, दोन, चार, बारा, चौदा.

दारांच्या प्रोग्राममधली मूळ ओळ उघडून बघायची गरजही पडली नाही. त्यांना ती पाठ होती.

कार्डाची परवानगी सगळ्या आकड्यांची मिळून एकच ओळ म्हणून साठवलेली असे, कारण टाइप करायला ते सोपं. दाराशी कार्ड टेकलं की यंत्र स्वतःला एकच प्रश्न विचारी: या ओळीत माझा आकडा कुठं सापडतो का? कार्डावर ३,७ असेल तर सात नंबरच्या दाराला त्यात ७ सापडायचा आणि पाचच्या दाराला ५ सापडायचा नाही. खोल्या नऊ होत्या, आकडे सगळे एकेरी. नऊ खोल्यांपुरती प्रोग्रामची ती ओळ बरोबर होती, आणि पंधरा वर्षं ती एकदाही चुकली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी नवी बाजू बांधली. बाईंना काम मिळालं की नव्या सात खोल्या यादीत घाला. एका दुपारचं काम. त्यांनी घातल्या आणि तपासल्याही. बाराचं कार्ड बाराला चालतं का? चालतं. बारा नसलेलं कार्ड बाराला चालतं का? नाही चालत. बाराचं कार्ड दोनला चालतं का, हे त्यांनी तपासलं नाही. असा प्रश्न त्यांना पडलाच नाही. दोननं १२,१४ या ओळीत स्वतःला शोधलं आणि त्याला बाराच्या शेपटीला २ सापडला. आकडा म्हणून नाही, नुसतं अक्षर म्हणून. यंत्राला फरक करायला कुणी सांगितलेलाच नव्हता.

कुणाच्या खांद्यावर धागा दिसला की आपला हात आपोआप जातो, तसा बाईंचा हात गेला. परवानगीच्या ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक स्वल्पविराम, शोधायच्या आकड्याच्याही दोन्ही बाजूंना एकेक. आता दोन नंबरचं दार नुसता २ शोधणार नाही, दोन स्वल्पविरामांमध्ये एकटा बसलेला २ शोधील. पुन्हा तपासलं. बारा, चौदा. जुनी ओळ पुसली, नवी ठेवली, सगळ्या दारांना पाठवली. सात वाजायचे होते आणि सातला पॅकिंगच्या बायका येतात. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या कार्डांवर अकरा आणि तेरा आहे. म्हणजे एक आणि तीन.

हे सगळं झाल्यावर मग त्यांनी हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले आणि नऊ वाजेपर्यंत तशाच बसल्या.

मॅनेजर पन्नाशीचे, नीटनेटके, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाखवा."

"आता दिसणार नाही. मी सकाळी दुरुस्त केलं."

"कधी?"

"सातच्या आत. बायका यायच्या होत्या."

"जुनी प्रत?"

"पुसली."

मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे चूक होती. ती तुम्हालाच दिसली. तुम्हीच मिटवलीत. आणि सुटणार कोण, तर तुमचे भावजी. वा, बाई."

"मी खोटं सांगत नाहीये."

"मी तसं म्हटलं का? मी फक्त अंमलदार काय म्हणेल ते सांगतोय. सतरा वर्षांत तुमच्या यंत्रात चूक निघाली नाही, आणि नातेवाईक अडकल्यावर चौथ्या दिवशी निघाली. बरं, दोनच वर्षांपासून चूक आहे म्हणता, तर कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? शंभर माणसं रोज कार्डं टेकवतात."

त्या खुर्चीतून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"रखवालदाराची केबिन," त्या म्हणाल्या.

"काय तिचं?"

"तिथं दुसरं यंत्र आहे. माझं बंद पडलं तर दारं त्याच्यावर जातात. त्यावर मी नवी बाजू झाली तेव्हा प्रत चढवली होती. नंतर हातही लावला नाही."

रखवालदाराच्या केबिनमधलं यंत्र टेबलाखाली होतं आणि त्याच्यावर चहाचा थर्मास होता. "गरम राहतो बाई त्याच्यावर," तो म्हणाला आणि थर्मास उचलला. त्याला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोलतो. चार दिवसांत मात्र त्याचा आवाज बसला होता.

स्क्रीनवर प्रतीची तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. मॅनेजरांनी ती वाचली. बाईंनी एका कोऱ्या कार्डावर १२,१४ चढवलं, मग रखवालदाराला जिन्याखाली पाठवून मुख्य यंत्राची वायर ओढायला लावली. बोळात सगळे दिवे एकदा विझले आणि अर्ध्या मिनिटानं परत लागले.

दोन नंबरच्या दाराला पोलिसांची लाखेची मोहोर होती, त्याला कुणी शिवलं नाही. त्या चार नंबरला गेल्या. कार्ड टेकवलं.

हिरवा. आत कडी सुटल्याचा खट्ट आवाज झाला. रखवालदारानं लगेच दाराला पाठ लावून ते दाबून धरलं, उघडं राहू नये म्हणून.

तीनला लाल. एकला हिरवा.

मागून खोकी उचलायच्या गाडीवरचा लिफ्टगाडीवाला चालला होता, तो गर्दी बघून थांबला. "काय चाललंय? दिवाळं निघालं काय कंपनीचं?"

"कार्ड तपासतोय," रखवालदार म्हणाला. "बाराचं कार्ड दोनला चालत होतं."

"हे होय? माझं तेराचं तीनला चालतं की." लिफ्टगाडीवाल्यानं खिशातून कार्ड काढून दाखवलं. "पार गेल्या वर्षापासून. मागं एकदा गाडी वळवताना चुकून टेकलं, हिरवा झाला. मला वाटलं, साहेबांनी बढती दिली गपचूप."

मॅनेजर त्याच्याकडे वळले. "मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू साहेब? दार उघडतंय अशी तक्रार?" त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मग त्याच्या लक्षात आलं. कार्ड हातात धरून, गाडी तिथंच सोडून तो चालत पुढं गेला. बाईंनी जिन्याखाली जाऊन मुख्य यंत्राची वायर परत जोडली.

ऑफिसात परतल्यावर मॅनेजरांनी दार लावून घेतलं. "बसा बाई. मान्य. आता माझं ऐका. नजरचूक एका माणसाची असते. त्याचं वय झालं, डोकं चालेना, आकडा चुकला, सगळ्यांना समजतं. सहा महिन्यांत विसरतात. ही जी तुम्ही दाखवलीत, ती कंपनीची चूक होते. शंभर कार्डं, दोन वर्षं. टाळं लागेल. शंभर चुली आहेत मागं."

"चूक माझी आहे."

"तुमची म्हणजे कंपनीचीच. पगार आम्ही देतो." ते खुर्चीत मागे रेलले. "आणि समजा, तुम्ही बोललाच नसता तर? दुरुस्ती तर झालीच आहे. कुणाला धोका नाही आता. कुणाला कळलं असतं?"

सकाळी सात ते नऊ त्यांनीही याच वाटेनं जाऊन पाहिलं होतं, आणि मॅनेजर पोचले त्याच्यापेक्षा पुढं गेल्या होत्या. जुनी ओळ पुसलेली. दुसऱ्या यंत्रावरची प्रत थर्मास बाजूला करून मिनिटभरात बदलता आली असती. ते यंत्र त्यांना तेव्हा आठवलं नव्हतं की आठवूनही त्यांनी बाजूला सारलं होतं, हे त्यांना स्वतःलाच सांगता येणार नाही.

"कागद द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी हातानं लिहिलं. एक पान पुरलं. काय लिहिलं होतं, कधी लिहिलं होतं, काय तपासलं आणि काय तपासलं नाही. मॅनेजरांनी वाचून कागद परत दिला. "सही तुमची करा. माझी नाही. आणि तुम्हाला काढणार नाही मी, ते मनात आणू नका. हे यंत्र दुसऱ्या कुणाला समजत नाही."

त्या बाहेर आल्या तेव्हा रखवालदारानं केबिनला कुलूप लावलं होतं आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात घातली होती. मॅनेजरांनी दारातूनच हात पुढे केला.

"इकडे दे ती."

"ऐकू नाही आलं साहेब."

"किल्ली."

"ती चौकीत देतो म्हटलं. पाय मी बघितलेत तिचे." आवाज बसलेला असूनही ते पूर्ण बोळात ऐकू गेलं.

कार्डवाल्यांचं टेबल पॅकिंगच्या हॉलमध्ये, खिडकीखाली. बाई तिथं पोचल्या तेव्हा भावजी टेबल आवरत होते. पेनं डब्यात, रबर स्टॅंप खणात, चष्म्याचं घर पिशवीत. समोर कागद नव्हता.

"भावजी, जबाब कुठाय?"

"गेला. शिपाई मघाशीच घेऊन गेला. तुम्ही सगळे तिकडे दारांपाशी होता."

"सही केलीत?"

"केली. बरं वाटलं बघ करून." खरंच त्यांचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा सैल दिसत होता. "आठवलं मला पहाटे. सगळं आठवलं. मंगळवारची दुपार होती, जेवणानंतरची. वहिनीचं कार्ड नवीन करायचं होतं, मी आधी दोन टाकला, मग बारा. नंतर दोन खोडायचा राहिला तो राहिला. आणि ती गेली त्या संध्याकाळी मी येऊन खोडला. अगदी डोळ्यांसमोर आहे. खिडकीतून ऊन येत होतं."

"भावजी, तुम्ही नाही टाकला."

"बेबी, आता पुरे. मला वाचवू नकोस."

"वाचवत नाहीये. चूक माझ्या ओळीत आहे. आत्ता सगळ्यांनी बघितलं. कार्डावर दोन नसतानाच दार उघडतं. कार्डावर दोन कधी नव्हताच."

त्यांना समजायला वेळ लागला. बाईंनी पुन्हा सांगितलं, पेननं पुठ्ठ्यावर १२ लिहून, त्यातल्या २ भोवती गोल करून. भावजी त्या गोलाकडे पाहत राहिले. हॉलमध्ये पट्ट्यावरून सफरचंदं घरंगळत होती आणि बायका ती वजनाप्रमाणे उचलून खोक्यांत भरत होत्या. कुणी इकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्या ऐकत होत्या.

"मग मला आठवतंय ते काय आहे?" भावजी म्हणाले.

"ते झालेलं नाही."

"ऊन होतं गं खिडकीत."

"मंगळवारी दिवसभर आभाळ होतं, भावजी."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली, पुन्हा काढली, टेबलावर ठेवली. सुटका झाल्याची कुठलीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मघाचा सैलपणा मात्र गेला होता. "तू तीनदा विचारलंस," ते म्हणाले. "साहेबांनी विचारलं, अंमलदारानं विचारलं, ते ठीक. तू यंत्र लिहिलंस, तू विचारतेयस म्हणजे काहीतरी असणार, असं धरलं मी. मग शोधत बसलो डोक्यात. सापडेपर्यंत शोधलं."



संध्याकाळी त्या वर गेल्या. बहिणीनं दार उघडलं पण बाजूला झाली नाही. "झोपलेत ते," ती म्हणाली. आतून खोकल्याचा आवाज आला. "उद्या त्यांना घेऊन कधी निघायचं तेवढं सांग."

"दहाला. जबाब मागं घ्यायचा अर्ज मी टाइप करून आणलाय."

"ठेव तिथं." बहिणीनं कागद घेतला आणि गॅसवर काहीतरी आहे असं म्हणून दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. बाई खाली आल्या.

उद्या सकाळी सातची पाळी वेळेवर भरेल. एक ते नऊ दारांच्या चकत्या आजपासून बंद आहेत. तिथं साधी कुलपं लावली आहेत आणि एक किल्ली यंत्रवाल्याकडे, दुसरी रखवालदाराकडे आहे. अकरा वाजता चौकीत आधी प्रोग्रामरबाईंचा जबाब होईल, नंतर कार्डवाल्यांचा. त्याआधी, नऊ वाजता, नवी सफाईवाली कामावर येईल. कार्डवाल्यांचं टेबल रिकामं असल्यानं तिचं कार्ड आज बाईंनीच तयार करून ठेवलं, प्रोग्राममधून सोळाच्या सोळा दारांना लावून पाहिलं आणि लिफाफ्यात घालून फाटकाशी दिलं. परवानगी: १२,१४.